तीन नंबरचं इंजिन

शेवटचं विमान उतरून पाऊण तास झाला, तरी सार्जंट हलाडकी आपल्या न परतलेल्या विमानाच्या रिकाम्या सिमेंटच्या चौथऱ्यावरून हलायला तयार नव्हता. शेजारपाजारच्या चौथऱ्यांवर बॉम्बफेकी विमानं येऊन उभी राहिली होती, त्यांचे मिस्त्री शिड्या लावून कामालाही लागले होते. पलीकडे इंग्लंडमधल्या नॉरफक परगण्यातल्या एका शेतकऱ्याचं बीटाचं शेत होतं आणि तिकडून बोचरा वारा येत होता.

“वस्ताद, चला आता,” त्याच्या हाताखालचा मूनी म्हणाला. “पेट्रोल केव्हाच संपलं असणार. उतरले असतील दुसरीकडे. किनाऱ्यावर इंग्रजांचे तळ काय कमी आहेत?”

“मग फोन आला असता.”

मूनी बीटाच्या शेतावरच्या आकाशाकडे बघू लागला.

हलाडकीला एकच गोष्ट हवी होती. कुणीतरी यावं आणि सांगावं की जर्मनांच्या तोफेनं पाडलं. तोफेपुढे कोण काय करणार! तसं असतं तर तो विमानातल्या त्या दहा जणांसाठी शिव्या घालत रडला असता आणि रडून झाल्यावर झोपलाही असता. पण तीन नंबरचं इंजिन? नको रे देवा, तेवढं नको.

कारण कालच त्याच्या विमानाचा वैमानिक लेफ्टनंट अमंडसन अर्ध्या समुद्रावरून विमान परत घेऊन आला होता. वर गेलं की तीन नंबरच्या तेलाचा दाब पडतो, म्हणाला, कुठेतरी गळती आहे. हलाडकीनं इंजिन उघडलं, तासभर चालवून पाहिलं. थेंब गळेल तर शपथ! अर्ध्यातून परतलेली मोहीम मोजत नाहीत आणि मिस्त्रीच्या नावाला बट्टा लागतो तो वेगळाच. त्याआधी एकतीस मोहिमांत हलाडकीचं विमान एकदाही मागे फिरलं नव्हतं. तो जाम चिडला होता, आणि जिभेला काय, हाड नसतं. हातातलं फडकं आपटून तो सगळ्यांसमोर म्हणाला, “लेफ्टनंटसाहेब, इंजिन ठणठणीत आहे. गळती झालीच असेल, तर ती आता तुमच्या विजारीत बघावी लागेल.”

काय हसले सगळे! अमंडसनच्याच विमानात मशीनगन चालवणारी पोरंसुद्धा हसली. संध्याकाळपर्यंत तो विनोद अख्ख्या तळावर फिरून आला. अमंडसन बावीस वर्षांचा. कानापर्यंत लाल झाला आणि निघून गेला.

सायकलवरून लेफ्टनंट प्रॅदर आला. आज तो आपलं विमान घेऊन अमंडसनच्या शेजारीच उडत होता. प्राणवायूच्या मुखवट्याचा वळ अजून त्याच्या गालांवर होता. सायकल त्यानं तशीच गवतात टाकली.

“तोफ ना, साहेब?” हलाडकीनंच विचारलं. “तोफच लागली ना?”

प्रॅदर अमेरिकेतल्या जॉर्जियाकडचा, कुणाला दुखवून न बोलणारा माणूस. खोटं सांगून मोकळं व्हावं असं त्याच्या मनात आलं असावं, कारण आधी तो मूनीकडेच बघत राहिला. मग म्हणाला, “नाही. तीन नंबर.”

“कुठे?”

“समुद्रावरच. हॉलंडचा किनारा दिसायच्या आत पंखा थांबला. तो मागे पडायला लागला. रेडिओवर बोलायची मनाई असते, तरी बोललो मी. म्हटलं, अरे बाबा, फीर मागे.”

“मग का नाही फिरला?” हलाडकी जवळजवळ ओरडलाच. “फिरायचं की! कोण काय म्हणणार होतं त्याला?”

प्रॅदरनं आता त्याच्याकडे नीट पाहिलं.

“हसला तो,” प्रॅदर म्हणाला. “म्हणाला, परत जाऊन हलाडकीला विजार दाखवू होय?”

मग प्रॅदरनंच उरलेलं सांगून टाकलं. मागे एकटा राहिल्यावर त्याला सहा जर्मन विमानांनी गाठलं. हवाई छत्र्या दोनच उघडलेल्या दिसल्या. त्यांतही अमंडसन होता की नाही, कुणास ठाऊक.

“मस्करी होती ती, वस्ताद,” मूनी म्हणाला. “तुम्ही काय मुद्दाम...”

“तू गप्प बस.”

हलाडकी तडक शेजारच्या चौथऱ्यावर गेला. तिथला मिस्त्री शिडीवर होता. त्याला खालूनच मोठ्यानं सांगितलं, “अमंडसन खरं बोलत होता. तीन नंबर खराबच होतं. चूक माझी.” मिस्त्रीनं मान हलवली आणि पाना पुन्हा बोल्टला लावला. हलाडकी पुढच्या चौथऱ्यावर गेला, मग त्याच्या पुढच्या. काल जे जे हसले होते त्या प्रत्येकाला त्यानं गाठलं आणि तेच सांगितलं. कुणी नजर चुकवली, कुणी खांद्यावर हात ठेवला. एक जण म्हणाला, “जाऊ दे रे, उद्या नवीन विमान देतील तुला.” ते ऐकून तर हलाडकीला वाटलं, याच्या एक कानाखाली वाजवावी.

शेवटच्या चौथऱ्यावर एक अनोळखी माणूस चाकाला टेकून सँडविच खात होता. आज सकाळच्याच ट्रकनं नवीन आला होता.

“अमंडसन खरं बोलत होता,” हलाडकी म्हणाला.

“कोण अमंडसन?” त्यानं अदबीनं विचारलं.

आता याला सोडून पुढे जाता आलं असतं. पण हलाडकी त्याच्यासमोर खाली बसला आणि पहिल्यापासून सांगायला लागला. अर्ध्यातून परत आलेलं विमान, तेलाचा दाब, तासभर चालवलेलं इंजिन, आणि मग आपण सगळ्यांसमोर काय बोललो ते, जसंच्या तसं.

नव्या माणसाच्या तोंडातला घास बाहेर आला. चाकाला धरून तो खदाखदा हसत सुटला.