अठ्ठ्याण्णव टक्के शुद्ध

"लग्नाला हो म्हण," सिद्धलिंग म्हणाला.

कंबर तलावाच्या काठावर भर दुपारी चिटपाखरू नव्हतं. शिवलीलेने ओढणी डोक्यावर घेतली.

"प्रभुलिंगशी?"

"मालक स्वतः मागणी घालतोय. पगारी केमिस्टला तो मागची खोली कधीच दाखवणार नाही. बायकोला दाखवेल."

"आणि आपलं?"

"छापा पडला की मी स्वतः येईन तुला न्यायला. तोवर हे लग्न म्हणजे नोकरीच समज."

"तुम्हाला काहीच वाटत नाही?"

"वाटतं, म्हणून तर तुझ्याकडे बघत नाहीये," तो पाण्याकडे बघत म्हणाला.

तिने हो म्हटलं.

तिचा धाकटा भाऊ शिवानंद पांढऱ्या पावडरीच्या नादाने गेला, त्याला तेव्हा पाच महिने झाले होते. दवाखान्याच्या व्हरांड्यात सिद्धलिंग तिला पहिल्यांदा भेटला. अमली पदार्थ विरोधी खात्यातला आहे, म्हणाला. तिने त्याचं ओळखपत्र हातात घेऊन दोन्ही बाजूंनी वाचलं. एम.एस्सी. झालेली होती ती. तपासल्याशिवाय काही मानायचं नाही, ही सवयच. ती पावडर टॉवेलचे रंग बनवणाऱ्या एका कारखान्यातून येते, असं त्याने सांगितलं. आत शिरायला रसायनशास्त्र कळणारं माणूस हवं होतं. खात्यात येऊ नकोस, फोन करू नकोस, आमच्यात एकाला एकच माणूस माहीत असतो, एवढ्या त्याच्या अटी. भावासाठी ती तयार झाली आणि त्या कारखान्यात केमिस्ट म्हणून लागली. प्रेम कधी जडलं, ते मात्र तिला सांगता आलं नसतं.

लग्न थाटात झालं. टेंभुर्णीहून आलेले तिचे वडील एवढं मोठं स्थळ बघून भारावून गेले. प्रभुलिंग नवरा म्हणून वाईट नव्हता. रोज जेवणानंतर डाळिंब सोलून वाटी तिच्यापुढे सरकवायचा. तिला ते दाणे गिळवत नसत.

तिसऱ्या आठवड्यात त्याने तिला मागच्या खोलीत नेलं. पिंपं, काचेची भांडी, ताटभर पिवळट पावडर.

"रंग बघ की कसा आलाय," तो म्हणाला. "गिऱ्हाईक नाव ठेवतंय. तू एवढी शिकलेली हायस, जरा लक्ष घाल की."

सोमवारी सिद्धेश्वराच्या देवळात दर्शनाची रांग लागली होती. सिद्धलिंग नेहमीसारखा तिच्या मागे उभा राहिला.

"मलाच बनवायला सांगतोय," मागे न वळता ती म्हणाली. "जागा कळली ना तुम्हाला? आता पकडा की."

"मजूर सापडतील, वरचे सुटतील. शिवानंदला मारणारे वरचे आहेत. तू कर."

"मी? ते?"

"नाही म्हणालीस तर संशय येईल. घाबरू नकोस. पुडी न् पुडी आमच्या नजरेखाली आहे. एकही कुणाच्या पोटात जाणार नाही."

मग तिने केलं. आणि काम हातात घेतल्यावर ते वाईट करणं तिला जमलं नाही. पहिल्या वेळी शुद्धता एकाहत्तर टक्के होती. दोन महिन्यांत ती अठ्ठ्याण्णववर गेली. माल बर्फासारखा पांढरा उतरू लागला. घरी आल्यावर ती कोपरापर्यंत हात धुवायची, मग पुन्हा धुवायची. दर सोमवारी तारीख, वजन आणि शुद्धता लिहिलेली चिठ्ठी रांगेत मागच्या हातात जायची.

"अजून किती दिवस?" ती विचारायची.

"थोडे."

आठव्या महिन्यात तो म्हणाला, "गुरुवारी. सकाळी अकरा वाजता. बॅग भरू नकोस, नेसत्या कपड्यांनिशी निघायचं."

बुधवारी दुधनीहून सासूबाई आल्या. गुरम्मांनी दारातच सुनेची हनुवटी धरून चेहरा न्याहाळला.

"किती वाळलीस गं! माझा लेक खायला घालत न्हाय व्हय?"

"दिवसभर कारखान्यात असती ती, अव्वा," प्रभुलिंग म्हणाला.

"सुनेला कामाला जुंपून तू काय करतोस? डाळिंबं सोलतोस?"

शिवलीलेला हसू आलं. या घरात ती पहिल्यांदाच हसली.

त्यानंतर मायलेक कन्नडमध्ये बोलत बसले. सून टेंभुर्णीची, म्हणजे तिला कन्नड येत नसणार, हे सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं. सिद्धलिंगनेही. कॉलेजची पाच वर्षं ती अक्कलकोटच्या कानडी भुवनेश्वरीबरोबर एका खोलीत राहिली होती, हे कुणी विचारलं नव्हतं आणि तिने सांगितलं नव्हतं. सिद्धलिंगची घरची भाषा कन्नड; सुटका झाली की त्याच्याशी पहिलं वाक्य त्याच भाषेत बोलायचं, असं तिने ठरवलं होतं. वाक्यही तयार होतं. बाकी मायलेकांचं बोलणं साधंच होतं: गुडघे, ज्वारी, कुणाचं तरी बारसं.

गुरुवारी अकराला पाच मिनिटं असताना बेल वाजली. तिनेच दार उघडलं.

सिद्धलिंग एकटाच होता. हातात पेढ्यांचा बॉक्स.

"आज नाही," ओठ न हलवता तो पुटपुटला. "वरचा माणूस निसटला. अजून दोन महिने कळ काढ. मी गिऱ्हाईक म्हणून आलोय." मग मोठ्याने म्हणाला, "वहिनी, जरा पाणी मिळेल का?"

दोन महिने. पण त्याने तिला वाऱ्यावर सोडलं नव्हतं, स्वतःच्या जिवावर उदार होऊन सांगायला आला होता. आठ महिने काढले, दोन निघतील. तिने डोळे कोरडे केले, तांब्या भरला, ट्रे उचलला.

ती बैठकीत आली तेव्हा सिद्धलिंग गुरम्मांच्या पायाशी बसला होता आणि गुरम्मा त्याला पेढा भरवत होत्या. तिला पाहून कुणी सावरलं नाही, कुणी बोलायचं थांबलं नाही.

"ही अजून तुला सरकारी साहेबच समजती काय रे?" गुरम्मांनी कन्नडमध्ये विचारलं.

"समजू दे की, अव्वा," तिच्या हातून पाणी घेत सिद्धलिंग अस्सल दुधनीच्या कन्नडमध्ये म्हणाला. "हिला खरं कळलं, की दुसऱ्या दिवसापासून माल परत पिवळा."