सतरा तास वीस मिनिटं

लेकीचं विमान तिकडून सुटलं आणि इकडे बाबांनी हॉलमधल्या खुर्चीत ठाण मांडलं. चौदा हजार किलोमीटर, सतरा तास वीस मिनिटं. मोबाइलच्या नकाशावर एवढंसं विमान समुद्रावरून मुंगीच्या पावलांनी सरकत होतं.

"अहो, जरा आडवे तरी व्हा," आई म्हणाली.

"तीस वर्षं बस चालवली. गाडीत माणसं असताना डोळ्याला डोळा लागू दिला नाही. आज तर आपली पोर बसलीय आत!"

आईनं कपाळावर हात मारला. पुढे तर कहरच झाला. त्यांनी जेवणाचं ताट मांडीवर मागून घेतलं. पाय सुजू नयेत म्हणून दर दोन तासांनी स्वयंपाकघरापर्यंत फेऱ्या मारल्या. विमान उतरायला लागलं तेव्हा तर फरशीवर उजवा पाय रोवून करकचून ब्रेक दाबला.

दोन तासांनी लेक दारात हजर. विमानात ढाराढूर झोपल्यामुळे अगदी ताजीतवानी.

"बाबा!" तिनं दारातूनच हाक मारली.

आईनं ओठांवर बोट ठेवलं.



"हळू बोल गं. इतक्या लांबून आलेत, आत्ता कुठे डोळा लागलाय."