गुरुजींच्या खिशातली किल्ली

जीप फाट्यावर पुरती थांबायच्या आत इंद्रजित गुरुजींनी खाली उडी टाकली आणि शाळेकडं धूम ठोकली. एका हातात गुंडाळलेला तक्ता, दुसऱ्या हातात शाळेची किल्ली. शाळा एकशिक्षकी. गुरुजी दोन दिवस लोहाऱ्याला प्रशिक्षणाला गेले आणि किल्लीही त्यांच्याच खिशातून प्रशिक्षण घेऊन आली. विषय होता, ‘मूल स्वतःहून कसं शिकतं’; हातातला तक्ताही त्याचाच. तिथं सगळ्यांत मोठ्या आवाजात तक्रार गुरुजींचीच होती. “आमची पोरं सांगितल्याशिवाय पानसुद्धा उलटत न्हाईत!”

आता पोरं उंडारत असणार आणि दारात तपासणीचे साहेब उभे असणार, या धास्तीनं त्यांना घाम फुटला होता.

पोरं शाळेच्या ओट्यावरच होती. चौथीतली हर्षाली चिंचोके मांडून दुसरीच्या पोरांना वजाबाकी समजावत होती. तिच्याच वर्गातली फलक मोठ्यानं धडा वाचत होती, अडलं की शेजारणीला विचारत होती. खिचडी शिजवणाऱ्या सिद्धम्मा कडेला शेंगा निवडत होत्या. गुरुजींकडं कुणी मान वर करून पाहिलं नाही. एवढ्या वर्षांच्या नोकरीत असा अपमान झाला नव्हता.

तिसरीतल्या समदचं गणित चुकत होतं. गुरुजींची जीभ वळवळली. “अरे, हातचा...”

समदनं पाटी छातीशी धरली. “सांगू नका ना गुरुजी! मी काढतोय.”

गुरुजींना भरून आलं. हे सगळं आपल्या तक्त्यात आहेच, म्हणजे श्रेयही आपलंच, असंही मनात येऊन गेलं. त्यांनी रुबाबात कुलूप काढलं. “चला, आत बसून शिका.”

पोरं आत गेली. रांगेत बसली. हाताची घडी, तोंडावर बोट. फलकनं पुस्तक मिटलं. हर्षालीनं चिंचोके खिशात टाकले. सगळी गुरुजींच्या तोंडाकडं बघू लागली.

“अरे, काढा की गणित!”

समदनं तीच पाटी पुढं केली. “गुरुजी, उत्तर किती लिवू?”

गुरुजींचा चेहरा पडला. पोरांना त्यांनी पुन्हा ओट्यावर काढलं, दाराला कुलूप घातलं आणि किल्ली सिद्धम्मांच्या हातात ठेवली.

“मी मागितली तरी देऊ नका.”

सिद्धम्मांनी किल्ली कनवटीला खोचली. “न्हाय देत. पर गुरुजी, तुमी बी हितंच बसणार. तुमच्या तोंडाला कुलूप कुठनं आणायचं?”