दुसरी फळी

“तुमच्या खात्याने आधी माझा भाऊ घालवला आणि मग त्याची अब्रू घेतली, साहेब. ‘स्वतःच्या निष्काळजीपणामुळे मृत्यू.’ तीन शब्दांत माणूस निकालात! लिहिणाऱ्याने बंदूक कधी हातात तरी धरली होती का?”

बंदुका दुरुस्त करणारा धाकटा भाऊ खात्याच्या नेमबाजीच्या मैदानावर उभा होता. साहेब खुर्चीत बसले होते. त्यांच्या शेजारी वहिनी, हात मांडीवर ठेवून. सकाळपासून ती एक शब्द बोलली नव्हती.

मोठा भाऊ वनरक्षक. रानातल्या चौकीवर तो आणि त्याचा जोडीदार, दोघंच असत. तीन दिवस खबर आली नाही म्हणून माणसं गेली, तेव्हा चौकीत एक प्रेत पडलं होतं. अंगात भावाचा कोट, शेजारी आखूड नळीची बंदूक. चेहरा जनावरांनी ठेवला नव्हता. जोडीदार नाही, लांब नळीची बंदूकही नाही. खात्याने ठरवून टाकलं : साफ करताना बार उडाला, जोडीदार भिऊन पळाला. फाईल बंद.

“गोळी छातीतून आरपार गेली आणि मागच्या भिंतीच्या दोन्ही फळ्या फोडून बाहेर पडली. बरोबर?” धाकट्याने विचारलं.

“अहवालात तसंच आहे,” साहेब म्हणाले.

“मग बघा.”

त्याने ओल्या चिकणमातीची गोणी टांगली होती. तिच्यामागे त्याच भिंतीच्या लाकडाच्या दोन जाड फळ्या. काडतुसं चौकीतल्याच खोक्यातली, पाचशे ग्रेन वजनाच्या गोळीची. आधी प्रेताजवळची अठरा इंची नळीची बंदूक.

बार झाला. पाखरं उडाली नाहीत. मैदानाभोवती पाखरं नव्हतीच.

“वेग सेकंदाला अठराशे नव्वद फूट,” वेग मोजायचं यंत्र बघून तो म्हणाला. गोळी दुसऱ्या फळीत रुतली होती. पुन्हा झाडली, पुन्हा रुतली. तिसऱ्यांदाही.

मग लांब बंदूक, हरवलीय तसलीच, सव्वीस इंची. तेच काडतूस. एकवीसशे फूट. गोणी, पहिली फळी, दुसरी फळी, सगळं पार. तिन्ही वेळा. दुसऱ्या फळीच्या भोकातून पलीकडची भिंत दिसत होती, आणि सगळे उगाचच त्या भोकाकडे बघत राहिले.

“काडतूस एकच, पण आखूड नळीत दारू पुरती जळायच्या आत गोळी बाहेर पडते. वेग दहा टक्के कमी, जोर मात्र पाचव्या हिश्श्याने कमी. म्हणजे आखूड बंदुकीने हे झालंच नाही. समोरून कुणीतरी लांब बंदुकीने गोळी घातली. हा खून आहे, साहेब.”

“पुरे झालं, भाऊजी,” वहिनी हळूच म्हणाली. “सोडून द्या. गेलेलं माणूस परत येतंय का?”

“सोडू? दादाला बावळट म्हणतात हे, वहिनी! तुमच्या नवऱ्याला!” तो साहेबांकडे वळला. “शस्त्रांची नोंदवही आणा. लांब बंदूक कोणाच्या नावावर दिली होती, मोठ्याने वाचा. तुमच्यापैकी एकाने तरी ती उघडली होती का?”

कोणीच उघडली नव्हती. कारकुनाने वही आणली, पानावरून बोट फिरवलं, आणि बोट थांबलं.

“वाच ना बाबा. तोंडात काय धरलंयस?”

कारकुनाने वाचलं. आखूड बंदूक, जोडीदार. लांब बंदूक...

पुढचं त्याला वाचवेना. त्याने वही धाकट्यापुढे धरली.

लांब बंदुकीपुढची सही दादाची होती. शेवटच्या अक्षराखाली ओढलेली ती लांब रेघ धाकट्याने लहानपणी प्रगतिपुस्तकावर कितीदा चोरून गिरवली होती.

त्याने वही मिटली आणि तो वहिनीकडे वळला. तिचे हात मांडीवर तसेच होते.

“वहिनी,” तो म्हणाला, “ओळख पटवायला तुम्ही एकट्याच आत गेला होतात. मला दारातच थांबवलंत. चादरीखाली कोण होतं?”