मधला बांध

थर १. काचा, विटांचे तुकडे, सायकलची साखळी

मुकादमाने कुदळ मातीत टेकवली आणि पुन्हा विचारलं, आज बांध पाडायचाच ना. साहेबांनी मान हलवली. ती हो होती की नाही, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. मुकादमाने हो धरलं. आठवड्याअखेर ही जागा पंपघराच्या ठेकेदाराच्या ताब्यात जायची होती.

नदीकाठाने उत्खननाचे दोन खड्डे होते. वरच्या अंगाचा साहेबांचा, खालच्या अंगाचा बाईंचा. बाई म्हणजे साहेबांची बायको. दोन्ही खड्ड्यांत एकच जुनी दगडी भिंत निघाली होती आणि तिच्यावरून नवरा-बायकोचं कधी जमलं नव्हतं. ते म्हणायचे, हा किल्ल्याचा तट. ती म्हणायची, हे बंदर, इथे गलबतं लागत. उत्तर होतं दोघांच्या मध्ये, न खणता सोडलेल्या मातीच्या उभ्या पट्ट्याखाली. असा बांध एरवी हातभर ठेवतात. हा चांगला पुरुषभर रुंद राहिला होता, कारण तो कोणाच्या खड्ड्यात धरायचा यावरच दोघं हट्टाला पेटली होती. खाली पायऱ्या निघाल्या तर बंदर. गोलाई निघाली तर बुरूज.

थर २. राख

गडीही दोन पक्षांत वाटले गेले होते. शेताच्या बांधावरून भाऊ भांडतात, आमच्याकडे नवरा-बायको भांडतात, असं मुकादम प्रत्येक नव्या माणसाला तोंड भरून सांगायचा. तो स्वतः बाईंच्या पक्षाचा. का, तर चहा बाई पाजायच्या.

आज पक्षाचं नाव कोणी काढलं नाही. राख टोपल्यांतून वर गेली.

थर ३. गाळ, बारीक

गाळ लागला तसा साहेबांना हुरूप आला. नदी थेट भिंतीपर्यंत येत होती, असं ते मोठ्याने म्हणाले. हे वाक्य खरं तर बाईंचं. त्यावर साहेबांचं उत्तर ठरलेलं असे, की पूर आला म्हणजे नदी कुणाच्याही दारात येते.

ते उत्तर आज द्यायला कोणी नव्हतं.

थर ४. पाटी निघत नाही

बाईंनी आपल्या बाजूने प्रत्येक थरावर पत्र्याची लहानशी पाटी खिळ्याने ठोकलेली. पाट्या साहेबच काढत होते, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नव्हते. चौथी हलेना.

बाई ठोकायच्या म्हणजे ठोकायच्या, असं मुकादम पुटपुटला. साहेब हसले. पाटी मातीच्या ढेकळासकट हातात आली. अक्षर तेच, घाईचं, उजवीकडे पळणारं.

दवाखान्यात तिने डॉक्टर काय म्हणाले ते विचारलं नव्हतं. बांध उभा आहे का, एवढंच विचारलं होतं. मी उठल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही, आणि पायऱ्या निघाल्या तर सगळ्यांसमोर कान धरायचे. दोन्हींचा शब्द त्यांनी दिला होता. हसताना तिला दुखत होतं, तरी ती हसली होती.

ती उठली नाही. पहिला शब्द त्यांनी पाळला, पाळून उपयोग नव्हता तरी हंगामभर पाळला. आज ते कान धरायला आले होते.

थर ५. दगड

कुंचल्याखालून दगड ओळीने वर आले. आधी सरळ. मग थोडे बाहेर सरकलेले. मग आणखी थोडे. मुकादमाचा हात मंदावला. हंड्याच्या पोटावरून फिरवावा तसा त्याने तळवा फिरवून पाहिला.

"गोल आहे, साहेब."

"पाणी मारा."

पाणी मारलं. ओले दगड काळे झाले आणि गोलाई जास्तच उठून दिसली. साहेब जिंकले होते. गडी खाली बघत माती टोपल्यांत भरू लागले, बाईंच्या पक्षाचेही आणि साहेबांचेही.

"अजून खाली बघू," साहेब म्हणाले.

कोरी माती

खाली पाया संपला. त्याच्याखाली पिवळी माती लागली. तिच्यात ना खापर, ना कोळसा, माणसाचं काहीच नाही. अशी कोरी माती लागली की हत्यार ठेवून द्यायचं, हे या सगळ्यांना साहेबांनीच शिकवलेलं.

साहेब गुडघ्यांवर बसले आणि थापीने ती खरवडू लागले. खरवडताना बोलत राहिले. बुरुजालाही बोटी लागत असतील. पायऱ्या लाकडी असतील, कुजून गेल्या असतील. आणि दोर बांधायचा तर गोल दगडच बरा, धारेवर दोर कापला जातो. सगळी वाक्यं बाईंची होती. जेवताना, प्रवासात, पाहुण्यांसमोर साहेबांनी ती एकेक करून उडवून लावली होती.

मुकादम शेजारी उकिडवा बसला.

"असेल, साहेब," तो हळू आवाजात म्हणाला. "तसंच असेल."

थापी थांबली. मधली माती गेल्यामुळे दोन्ही खड्डे एक झाले होते. नदीवरचा वारा या टोकातून शिरून त्या टोकाला सरळ निघून जात होता.

"असेल म्हणू नका," साहेब म्हणाले. "नाही म्हणा."

मुकादमाने इकडेतिकडे पाहिलं. गडी टोपल्या घेऊन वर गेले होते.

"नाही, साहेब," तो कसाबसा म्हणाला. "हा तटच आहे."

"का?" साहेबांनी विचारलं, आणि थापी बाजूला ठेवून ते ऐकायला बसले.