नाव चोरणारा

"पांड्या कोण तुमच्यात?" शिपायानं खळ्याच्या कडेला उभं राहून विचारलं.

नागली झोडपणारा हात थांबला. "मीच. काय झालं?"

"तुझं नाव चोरीला गेलंय." शिपाई तुका स्वतःच्याच बोलण्यावर हसला आणि वहाणा काढून सावलीत बसला. घरधनीण गौरा हिनं त्याला पाण्याचा तांब्या आणून दिला.

तुकानं हकिगत सांगितली. खोडाळ्याच्या बाजारात एक परका माणूस गौरा नावाच्या बाईचा ठावठिकाणा विचारत फिरत होता. तू कोण म्हणून विचारलं, तर म्हणाला, मी पांड्या, सावळ्याचा मुलगा, गौराचा नवरा. बाजारातल्या कुणीतरी सांगितलं, गौराचा नवरा पांड्या तर जामसरच्या बाजूला शेती करतो. मग फौजदारांनी त्या माणसाला जव्हारला नेऊन कोंडलं.

"फौजदारसाहेब म्हणतात, हा लक्ष्याच," तुका म्हणाला. "पळालेल्या माणसाला दुसऱ्याचं नाव लागतंच."

लक्ष्या हे नाव सगळ्या संस्थानाला ठाऊक होतं. काही वर्षांपूर्वी त्यानं जंगलखात्याच्या एका शिपायाला कोयत्यानं मारलं आणि रानात पसार झाला. तो शिपाई लक्ष्याच्या बहिणीला फरफटत नेत होता, असंही लोक बोलत. कचेरीत ते कुणी विचारलं नव्हतं. पुढे पटकीची साथ आली. मोखाड्याकडचे पाडेच्या पाडे ओस पडले. लक्ष्याला तोंडानं ओळखणारं कुणी उरलं नाही. त्या साथीनंतरच गौरा आणि तिचा नवरा इकडे आले होते. माळ फोडून त्यांनी खाचरं केली होती. बाळी इथंच झाली.

"दोघांनी कचेरीत यायचं," तुका म्हणाला. "समोर उभं राहून सांगायचं, हा पांड्या नव्हे. झालं काम."

नवऱ्यानं गौराकडे पाहिलं.

"यांच्या पायाला कुऱ्हाड लागलीय," गौरा म्हणाली. "इतकं चालवायचं नाय. मी येते. नवरा कोण, ते बायकोनं सांगितलं म्हंजे झालं ना?"

तुकाला ते पटलं. त्यालाही लंगड्या माणसाबरोबर घाट चढायचा नव्हता.

बाळीला कडेवर घेऊन ती निघाली तेव्हा नवरा कुडाला टेकून उभा होता. "सांभाळून बोल," एवढंच तो म्हणाला.

वाटेत तिनं बाळीला दुसऱ्या कडेवर घेतलं. मग तिनं विचारलं, "दादा, तो लक्ष्या ठरला तर काय करतील?"

"फाशी. नाहीतर जन्मभर बेडी."

"अन् नाय ठरला तर?"

"तर खऱ्या लक्ष्याचा शोध पुन्हा चालू. आमचे साहेब आता पेटलेत. पाडा न् पाडा उलथा करतील."

त्यानंतर जव्हार येईपर्यंत ती तुकाच्या पुढे पुढे चालत राहिली.

कचेरीच्या पडवीत तो माणूस भिंतीला टेकून बसला होता. केस पांढुरके, गाल आत गेलेले, पायात बेडी. गौराला पाहताच तो धडपडत उठला.

"गौरा," तो म्हणाला आणि हसला.

"गप्प!" फौजदार ओरडले. मग गौराकडे वळून म्हणाले, "हा सांगतो, मुंबईला बंदरावर कामाला गेलो, तिथून बोटीवर चढवलं, परतायला इतकी वर्षं लागली. तुझ्या आईचं नाव काळी, हेही सांगतो. असल्या गोष्टी कुणीही विचारून घेईल. नवरा समुद्रावरून येतो आणि घरात आधीच नवरा बसलेला! गोष्ट मात्र बरी रचलीय. तू घाबरू नकोस. नीट बघ आणि सांग."

गौरा बघत राहिली. तिच्या कडेवरची बाळी त्या माणसाकडे टकमक पाहत होती.

"पोर कुनाची?" त्यानं हळूच विचारलं.

"माझी."

"नाव काय हिचं?"

"बाळी."

तो थोडा वेळ पोरीकडे पाहत राहिला. फौजदार काही बोलणार, तेवढ्यात त्यानं पुन्हा विचारलं, "बाप बरा वागवतो का तुम्हाला?"

"लई जपतो," ती म्हणाली.

"मारत नाय?"

"कधी नाय."

त्या माणसानं मान खाली घातली. बाळीनं चुळबुळ केली, तशी गौरानं तिला घट्ट धरलं.

"साहेब," तो अखेर म्हणाला, "बाईला कशाला तरास? मी लक्ष्या हाय. जंगलाचा शिपाई म्याच मारला. पांड्याचं नाव चोरलं, ते चुकलं."

फौजदारांनी मांडीवर थाप मारली. "बघ तुका, मी म्हणालो नव्हतो? बाई, तूही सांग. कायद्याला तुझ्या तोंडचं लागतं. हा पांड्या आहे का?"

गौरानं वर पाहिलं. तो माणूस तिच्याकडे बघत होता. त्यानं मान किंचित हलवली, भ्यालेल्या पोराला धीर द्यावा तशी.

"नाय," ती म्हणाली.

"बाईचं खरं हाय," तो म्हणाला आणि पुन्हा भिंतीला टेकून बसला. त्यानं परत वर पाहिलं नाही.

परतताना ती सबंध वाट रडत होती. सोबत आलेल्या तुकाला वाटलं, खुनी माणूस समोर पाहिला, बाई भेदरली. "आता कसली भीती?" तो तिला म्हणाला. "सापडला तो."

पाड्याच्या वळणावर तुका मागे फिरला. दिवस मावळत होता. नवरा अंगणात उभाच होता. दुपारपासून तो बसला नसावा. गौरानं झोपलेली बाळी त्याच्या हातात दिली.

"काय झालं?" त्यानं विचारलं. "ओळखलंस त्याला? काय बोलला तो?"

ती उंबऱ्यावर बसली. पदरानं तोंड पुसलं.

"पांड्या तुझं नाव घेऊन गेला, लक्ष्या."