बुरशीचा डाव

"आपल्या मातीनं जात न्हाई असा रोगच न्हाई," म्हणत वस्ताद तुकोजी खराड्यांनी चार महिने हौशाच्या मांडीवरच्या नायट्याला आखाड्यातली हळद, ताक नि तेल मुरवलेली लाल माती चोळली. नायटा बशीएवढा झाला आणि जत्रेतली कुस्ती आठवड्यावर आली, तेव्हा कुठं ते आपल्या पैलवानाला घेऊन दवाखान्यात आले.

"ही बुरशी आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ती कातडीत शिरली की शरीरातल्या पांढऱ्या पेशी तिला पकडायला धावतात. पण तिच्या अंगावरच्या द्रव्यानं त्याच सुस्तावतात, मदतीला कुणाला बोलावतही नाहीत. मग ही निवांत पसरते."

बुरशीवर चिडायचंच वस्ताद विसरले. "म्हंजे धरायला येणाऱ्यालाच ढिला पाडती," ते कौतुकानं म्हणाले. "कुठल्या तालमीत तयार झाली म्हणायची ही?"

"तुमच्याच. तीच माती सगळ्यांच्या अंगाला, आणि टॉवेलही सगळ्यांत मिळून एकच असणार. आता महिनाभर कुस्ती बंद. तालमीत आणखी कुणाला आहे का?"

"छ्या, कुणाला न्हाई," वस्ताद म्हणाले, आणि त्यांचा हात सवयीनं सदऱ्याखाली शिरून पोट खाजवू लागला.

बाईंनी तपासायच्या टेबलाकडं बोट दाखवलं. "सदरा वर करा आणि इथं उताणे झोपा."

तीस वर्षांत ज्यांची पाठ कुणी मातीला लावली नव्हती, ते वस्ताद मुकाट्यानं आडवे झाले आणि पंख्याकडं बघत राहिले. हौशानं भिंतीवरचा तक्ता वाचत असल्यासारखं केलं आणि हळूच म्हटलं,

"वस्ताद, लागली पाठ."